खुर्चीवरचं कोकरू

ठमीच्या ओठाच्या कडेला पांढरं दिसलं तेव्हा धाकटीला आधी दूधच वाटलं. हातातल्या फडक्याने तिने ते टिपलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून पोरीने दुधाला तोंडसुद्धा लावलेलं नाही. तिने तो डाग बोटाने चोळून पाहिला. दूध वाळलं की त्याची पापडी धरते. हे पिठीसारखं मऊ होतं, आणि चोळलं तसं बोटाच्या रेषांमध्ये जाऊन बसलं.

ठमी नुकतीच दादांच्या खांद्यावरून उतरली होती. दोन वर्षांची व्हायची होती अजून. खांद्यावर बसलं की दादांच्या शर्टाची कॉलर चघळायची, हा तिचा आवडता उद्योग. सासूबाई म्हणायच्या, सगळे दात यायच्या आत ही कार्टी माझ्या लेकाचे शर्ट खाऊन संपवणार. त्यावर सगळे हसायचे, धाकटीही हसायची. आज तिला हसू आलं नाही. दादा वरच्या कामाच्या खोलीतून खाली आले होते, आणि वरच्या खोलीत आज सफेदा घोटायचं काम चाललं होतं.

तिला घरात सगळे धाकटी म्हणत. थोरली कधी आलीच नव्हती. दादा तिच्या नवऱ्याहून मोठे, पण त्यांचं लग्न झालं नव्हतं, कुणी जमवायलाही गेलं नव्हतं. दादा 'साधे' होते. घरात शब्द हाच. शाळा दोनदा बदलून शेवटी सुटली होती, रस्ता ओलांडताना अजूनही कुणीतरी हाक मारायला लागायची, पण माणूस लाख मोलाचा. ठमीला त्यांच्याइतका वेळ देणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि रंग घोटावा तर दादांनीच. काचेच्या जाड फरशीवर भुकटी आणि तेल घेऊन ते बत्त्याने गोल गोल घोटत बसत, तासन् तास, चेहऱ्यावर झोपलेल्या माणसाची शांतता घेऊन.

सासरे जुन्या चित्रांच्या नकला करायचे. त्यात लपवाछपवी काही नव्हती. प्रत्येक कॅनव्हासच्या पाठीवर ते स्वतःच्या हाताने ठळक अक्षरात 'नक्कल' असं लिहून खाली सही करत. गल्लीत घराला नकलाघर म्हणत. सासूबाईंना ते झोंबायचं, सासऱ्यांना मुळीच नाही. नक्कल करायलाही अक्कल लागते, एवढं बोलून ते वर निघून जात. खालच्या खोलीत धाकटीचा नवरा चित्रांच्या चौकटी करायचा. कॉलेजात कलेचा इतिहास शिकत असताना ती प्रकल्पासाठी या घरी आली होती. मी चित्रं बघायला आले आणि चौकटीत अडकले, असं ती मैत्रिणींना सांगायची.

खरं तर तिला नवरा नंतर दिसला. आधी दिसला तो पांढरा.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य एका माणसाच्या मागे गेलं होतं. झुर्बारान, चारशे वर्षांपूर्वीचा स्पॅनिश चित्रकार. सासूबाई त्याचा उल्लेख 'माझी सवत' असा करायच्या. इतर चित्रकार पांढऱ्याचा उजेड करतात, सासरे म्हणायचे, हा माणूस पांढऱ्याला अंग देतो, वजन देतो. त्या पहिल्या भेटीत त्यांनी तिला एका साधूच्या चित्रापुढे उभं केलं होतं. दोन्ही हात वर बांधलेले, मान खांद्यावर कलंडलेली, आणि बाकी सगळ्या चित्रभर त्याचा पांढरा झगा. रक्ताचा एक थेंब नाही, तरी त्या झग्याच्या घड्या बघूनच कळत होतं, की आतला देह आता स्वतःला पेलत नाही. पांढरे किती दिसतात, त्यांनी विचारलं. तिला एकच दिसत होता. ते हसले नाहीत. स्टूल दिलं आणि आपल्या कामाला लागले. तासाभराने तिला राखाडी पांढरा दिसला, मग मेणासारखा, मग सावलीतला निळसर, मग बाहीच्या आतला एक असा की त्याला पांढरा म्हणावं की मातकट हेच कळेना. उरलेले हळूहळू दिसतील, ते म्हणाले होते, घाई करणाऱ्याला तो दाखवत नाही.

त्या पांढऱ्यासाठी लागायचा सफेदा. शिशापासून केलेली पांढरी भुकटी. जुने सगळे चित्रकार हाच वापरायचे. सासऱ्यांनी त्या भुकटीचे पत्र्याचे डबे फार पूर्वी कुठल्याशा बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यातून आणून ठेवले होते. ट्यूबमधला नवा पांढरा त्यांच्या मते खडूसारखा मेलेला. सफेद्यात ऊब असते, तो तेलात लांबतो, वाळला की आतून उजळतो. धाकटीला हे सगळं पाठ होतं. चित्रं बघायला येणाऱ्यांना तीच सांगायची, आणि सांगताना तिला अभिमान वाटायचा. शिसं विषारी असतं हेही तिला माहीत होतं, कॉलेजात शिकलेल्या शंभर गोष्टींपैकी एक म्हणून. पण घरात त्याचा बंदोबस्त आहे असं सगळे धरून चालले होते. सासऱ्यांच्या गुरूंनी त्यांना एक नियम घालून दिला होता: ब्रश कधी तोंडात घालायचा नाही. टोक करायला म्हणूनसुद्धा नाही. तो नियम त्यांनी उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. जेवणाआधी हात कोपरापर्यंत धुवायचे, कामाचा डगला वरच ठेवून यायचे. नियम चित्रकारासाठी होता. घोटणाऱ्यासाठी नियम कुणी केलाच नव्हता, कारण घोटणारा ब्रश हातात घेतच नाही.

त्या दुपारपासून धाकटीचं घरातलं बघणं बदललं. घडी बघायला शिकलेले डोळे ती आता दादांच्या शर्टावर लावून बसली. शिवणीत पांढरं. खिशाच्या कडेला पांढरं. कानामागे, केसांच्या मुळाशी. जिन्याच्या पायऱ्यांवर, ते ज्या बाजूने उतरत त्या बाजूला, तिरप्या उजेडात बघितलं तर पुसटशी पावलं. आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठमी रोज बसायची, दादांची वाट बघत.

मग तिला बाकीचंही आठवायला लागलं. पोरीचं पोट सारखं दुखणं. जेवायला कटकट, झोपेत दचकणं. चार शब्द बोलायला लागलेली पोर मध्येच कशी बोलायची थांबली. सासूबाई म्हणाल्या होत्या, दातांमुळे. शेजारीण म्हणाली होती, मुलं अशीच टप्प्याटप्प्याने बोलतात. धाकटीने दोन्हींवर विश्वास ठेवला होता, कारण ठेवायचा होता.

नवऱ्याला तिने खालच्या खोलीत गाठून सांगितलं. तो चौकटीचा कोपरा जुळवत होता. त्याने ऐकून घेतलं, पण मान वर केली नाही. बाबा किती जपतात तुला माहीत आहे, तो म्हणाला. तिने फडकं पुढे धरलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, घरात खडू असतो, पीठ असतं, काहीही असेल. मग थोडं थांबून म्हणाला, की डॉक्टरकडे जायचं तर जाऊन ये, पण आईला पोटाचं सांग, रंगाचं नको.

"का नको?"

"नको म्हणजे नको," तो म्हणाला. "तिला लागेल."

कुणाला लागेल आणि कसं, हे त्याने सांगितलं नाही, आणि तिला तेव्हा ते विचारायचं सुचलं नाही.

बालरोगतज्ज्ञ बाई घाईच्या होत्या, पण 'शिसं' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. घरात कोण काय काम करतं, खोली कुठे, मूल कुठे रांगतं, हे सगळं विचारलं. ठमीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. दंडातून रक्त घ्यावं लागलं. ठमी इतकी रडली, की दादांकडे जाऊ म्हणत धाकटी तिला समजावत राहिली, आणि नर्सने विचारलं, दादा म्हणजे वडील का? नाही, धाकटी म्हणाली, काका. अहवाल यायला थोडे दिवस लागणार होते. तोवर मूल त्या भुकटीपासून लांब ठेवा, बाई म्हणाल्या, आणि ज्याच्या अंगावर ती असेल त्याच्यापासूनही.

हे सांगायला सोपं होतं.

दंडावरची पट्टी सासूबाईंना दिसणारच होती. पोटाची तपासणी, एवढं धाकटीने सांगितलं. पोटाचं रक्त दंडातून काढतात होय, सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी पोट दुखलं तर पोट चोळायचे. त्यांना फसवणं सोपं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी धाकट्या लेकाकडून सगळं काढून घेतलं, आणि मग भांडी आवरता आवरता, कुणाकडेही न बघता बोलायला लागल्या. शिकलेल्या बायकांना पुस्तकात वाचलेला रोग आपल्याच घरात दिसतो. याच घरात, याच वासात त्यांनी दोन मुलं वाढवली. काही झालं का? ही काल आलेली, हिला आज वरच्या खोलीत विष दिसलं. आणि इतकी वर्षं ते विष नव्हतं, तेव्हा ते रसग्रहण होतं.

शेवटचं वाक्य धाकटीला अगदी वर्मी लागलं. 'काही झालं का' हे त्यांनी एकदाच नाही, पुन्हा पुन्हा विचारलं, आणि प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा वर चढला, हे मात्र तिच्या ध्यानात राहिलं.

नेमकं त्याच सुमाराला नवं काम आलं होतं, आणि नवं काम आलं की या घरात पाहुणा येई. ज्या चित्राची नक्कल करायची त्याची मोठी छापील प्रत जेवणाच्या टेबलापाशी, एका खुर्चीवर टेकवून ठेवायची. पाहुणा जेवायला घरात असेपर्यंत सासरे ब्रशला हात लावत नसत. रोज रात्रीच्या जेवणाला प्रत्येकाने त्यात दिसलेली एक गोष्ट सांगायची, कालची आज चालायची नाही, दुसऱ्याची आपली चालायची नाही. सांगण्यासारखं कुणाला काही उरलं नाही, की सासरे प्रत वर घेऊन जात आणि काम सुरू होई. परीक्षा म्हणा, खेळ म्हणा. धाकटी या घरात आली तेव्हा ज्या दिवशी तिला सगळ्यांचं सांगून संपल्यावरही एक गोष्ट सुचली होती, त्या दिवशी सासऱ्यांनी तिला स्वतःच्या हाताने वाढलं होतं.

या खेपेचा पाहुणा झुर्बारानचं कोकरू होता. करड्या दगडी कट्ट्यावर, काळोखाच्या पुढ्यात, चारी पाय एकत्र बांधून आडवं ठेवलेलं एक जिवंत कोकरू. चित्रात दुसरं काहीही नाही. सासरे हे चित्र करायला आयुष्यभर थांबले होते. ते करून घेणारं गिऱ्हाईक आत्ता मिळालं होतं. या लोकरीला सगळे डबे लागतील, ते म्हणाले. दादांना ऐकून आनंद झाला.

त्या रात्री धाकटीने ठमीला मांडीवर घट्ट धरून ठेवलं आणि दादांच्या बाजूची खुर्ची सोडून पलीकडे बसली. दादांनी हात पुढे केले, तिने पोरगी दिली नाही. झोप आली आहे तिला, म्हणाली. ठमी टक्क जागी होती आणि दादांकडे जायला पाय झाडत होती.

नवऱ्याने शिंगं सांगितली, नुकती वळायला लागलेली, म्हणजे अगदीच तान्हं नाही. सासूबाईंनी सांगितलं, की लोकर वरून स्वच्छ दिसते पण पोटाकडे मळलेली आहे, हे कोकरू कालपर्यंत कुठेतरी चरत होतं. सासऱ्यांनी मान डोलावली. मग दादांची पाळी आली. दादा नेहमी फार वेळ बघत, आणि त्यांना घाई कुणी करत नसे.

"ते ओढत नाहीये," दादा म्हणाले.

कुणाला कळलं नाही. दादांनी बोट दाखवलं. पाय बांधलेत, पण ते दोरी ओढत नाहीये. ओढलं असतं तर इथे लोकर दबली असती.

सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं, उठून चित्राजवळ गेले आणि पुन्हा येऊन बसले. इतकी वर्षं बघतोय, ते म्हणाले, हे मला दिसलं नव्हतं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला. लेकाकडे बघून मग त्यांनी सुनेकडे बघितलं, आणि ते बघणं काय म्हणत होतं हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला समजलं: या माणसापासून तू पोर लांब ठेवतेस.

धाकटीने कानाबद्दल काहीतरी सांगितलं. काय सांगितलं हे तिला नंतर आठवेना.

पुढचे दिवस घरात कुणी कुणाशी भांडलं नाही, तरी प्रत्येक दार जरा जोरात लागत होतं. धाकटी ओल्या फडक्याने जिना पुसायची. तासाभरात पावलं पुन्हा उमटायची. दादांचे शर्ट ती वेगळे भिजवायला लागली, तेव्हा सासूबाईंनी एक शब्द न बोलता ते बादलीतून काढून सगळ्यांच्या कपड्यांत टाकले. ती त्यांची पाठ वळल्यावर पुन्हा वेगळे काढायची. ठमी जिन्याशी जाऊन वर बघत उभी राहायची, हाक मारायला तिच्याजवळ शब्द नव्हता म्हणून नुसता आवाज काढायची, आणि वरून बत्त्याचा आवाज थांबायचा. मग धाकटी धावत जाऊन तिला उचलायची. दादा जिन्याच्या वरच्या टोकाशी येऊन उभे असायचे. पोरगी ओरडत असताना तिला आपल्यापासून लांब का नेतात, हे त्यांना समजत नव्हतं. आपण काहीतरी चुकलो एवढं मात्र समजत होतं. एकदा त्यांनी तिथूनच विचारलं, मी तिला पाडलं का?

नाही हो दादा, ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तिला स्वतःची भीती वाटायला लागली होती. अहवाल चांगला यावा असं वाटायचं, साहजिकच. पण मध्येच कधीतरी, बटाटे सोलताना किंवा ठमीचे केस विंचरताना, मनात यायचं, की तो चांगला आला तर या घरात आपण तोंड कसं दाखवणार? आपल्या पोरीच्या रक्तापेक्षा आपलं खरं ठरणं मोठं वाटावं, असा तो क्षण असायचा. मग ती हातातलं खाली ठेवून पोरीला जवळ ओढायची.

फोन संध्याकाळी आला, दिवे लागायच्या वेळी. बाईंनी आकडा सांगितला आणि असायला हवा होता तो आकडाही सांगितला. मधलं अंतर मोठं होतं. बाई समजावत राहिल्या: घाबरून जाऊ नका, इतक्यावर अजून औषध द्यावं लागत नाही, वेळेवर आणलंत. लोह, दूध, पोटभर जेवण. महिन्याभराने पुन्हा रक्त. पण मूळ घरातून गेलं पाहिजे. ते राहिलं तर बाकी सगळं फुकट. धाकटीने विचारलं, बोलणं परत येईल ना? बहुतेक येतं, बाई म्हणाल्या. एवढं लहान असताना थांबवलं तर बहुतेक येतं.

'एवढं लहान असताना.' फोन ठेवल्यावरही ते तीन शब्द तिच्या कानात राहिले. तिला आधी ठमीच्या बाबतीत धीर आला. नंतर वरच्या खोलीतला बत्त्याचा आवाज ऐकू आला, आणि नवरा 'तिला लागेल' का म्हणाला होता ते एकदम लख्ख समजलं. दादा जन्मापासून याच घरात होते. दादा रांगायला लागले तेव्हा वरची खोली होती, डबे होते. सासूबाईंचं ते चढत्या आवाजातलं 'काही झालं का' सुनेला विचारलेलं नव्हतंच, 'साध्या' लेकाबद्दल स्वतःलाच विचारलेलं होतं.

आता ते तोंडातून काढायचं कसं? ती ठमीला घेऊन स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. भात करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आली.

जेवायला सगळे बसले. कोकरू खुर्चीवर होतंच. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. त्याने घास तोंडात घातला नाही. सासऱ्यांनी नेहमीसारखं विचारलं, आज कोण सुरुवात करतंय? कट्ट्याच्या कडेवरचा उजेड सासऱ्यांनी स्वतःच सांगितला. सासूबाई म्हणाल्या, मला आज काही दिसत नाही, पुढे चला. मग सासरे धाकटीकडे वळले.

"बाबा, मलाही आज चित्र दिसत नाही," ती म्हणाली. "ठमीच्या रक्तात शिसं आलंय. सफेद्याचं."

तिने आकडा सांगितला. बाई जे म्हणाल्या ते सगळं सांगितलं, फक्त ते तीन शब्द गाळून. भुकटी कुठून येते, तेही सांगितलं: शर्ट, कॉलर, जिना. दादांचं नाव घेतलं नाही, पण नाव न घेतल्याने काही झाकलं गेलं नाही. दादा आपल्या कॉलरला हात लावून बघत होते.

मी कधीच ब्रश तोंडात घातला नाही, सासरे म्हणाले. कुणी आरोप केल्यावर उत्तर दिल्यासारखं नव्हे. आपण पाठ केलेला धडा चुकीच्या पुस्तकातला निघाल्यासारखं. मग म्हणाले, मी डगला वर ठेवून येतो. हात धुतो. मी... आणि थांबले, कारण 'मी'च्या पुढे काही नव्हतं.

धाकटीला वाटलं, आता सासूबाई बोलणार. तिने अंग आवळून घेतलं. येऊ दे जे यायचं ते, पण पोर आता कुणाच्या हातात द्यायची नाही. वेळ पडली तर आजच्या आज घर सोडायचं, एवढं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सासूबाईंनी ठमीकडे बघितलं. मग दादांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, दादा चित्राकडे बघत तसं.

"ती तपासणी," त्या म्हणाल्या, "मोठ्या माणसाचीही होते का?"

"होते," धाकटी म्हणाली. "पण आई, जुनं त्यात दिसत नाही. आत्ताचं तेवढं दिसतं. आधी काय झालं होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

हे खरं होतं. बाईंनी बोलता बोलता तसंच सांगितलं होतं. पण खरं असूनही ते दया केल्यासारखं ऐकू आलं, आणि सासूबाईंना दया कुणाची चालत नसे. त्यांनी मान हलवली. आत्ताचं तरी बघू, एवढंच म्हणाल्या.

सासऱ्यांना समजायला थोडा जास्त वेळ लागला. बायको कुणाबद्दल विचारते आहे, कशाबद्दल, हे त्यांच्या चेहऱ्यावर टप्प्याटप्प्याने उतरलं, आणि धाकटीला ते बघवेना. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. मघाशीच धुतलेले, स्वच्छ हात.

नवऱ्याने मध्ये पडून सांगितलं, की डबे झाकणं घट्ट लावून तो उद्याच महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या डेपोत देऊन येईल, आणि खोली ओली पुसून घेईल, कोरडा झाडू नाही. बाजारात पांढरे काय कमी आहेत, तो म्हणाला, आणि बोलून झाल्यावर बाबांकडे बघितलं.

"नव्या पांढऱ्यात कोकरू थंड पडेल," सासरे म्हणाले. विरोध करायला नव्हे. चित्राबद्दलची एक माहिती सांगावी तसं.

"पडू दे," सासूबाई म्हणाल्या.

इतका वेळ दादांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते खुर्ची मागे सरकवून उठले होते आणि भिंतीला पाठ लावून उभे होते, टेबलापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. माझ्यामुळे? त्यांनी विचारलं. प्रश्न धाकटीला होता. इतके दिवस जिन्याच्या टोकावरून ते हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत होते, आणि ती दार लावून घेत होती.

आता लावायला दार नव्हतं. खोटं बोललं तर उद्या ते पुन्हा तसेच खाली येतील. खरं बोललं तर जन्मभर पोरीला हात लावणार नाहीत. तिला त्यांचा स्वभाव माहीत होता.

"रंगामुळे, दादा," ती म्हणाली. "तो तुमच्या अंगावर बसतो आणि तिच्या पोटात जातो. धुतला की जातो. पण पुन्हा घोटायचा नाही."

"कधीच?"

तिने उत्तर द्यायच्या आधी सासऱ्यांनी दिलं. कधीच नाही, ते म्हणाले, आणि उठले. दादांच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना न्हाणीघरात नेलं. दार उघडंच होतं. बाहेरून धाकटीला दिसत होतं: म्हातारा माणूस आपल्याहून उंच मुलाच्या शर्टाची बटणं काढतो आहे. शर्ट त्यांनी झटकला नाही. हळूच गुंडाळून पाण्यात बुडवला. दादांना स्टुलावर बसवलं, डोक्यावर तांब्या ओतला. साबण लावताना त्यांनी कानामागची जागा धुतली, मग केसांची मुळं. मग एकेक बोट हातात घेऊन नखांच्या आतून, कोरायच्या काडीने. एवढ्या बारकाईने ते फक्त चित्रावर काम करत. दादा डोळे मिटून बसले होते.

सासूबाई धुतलेला, कपाटातला शर्ट घेऊन आल्या आणि दाराशी धाकटीच्या शेजारी उभ्या राहिल्या. कडेवर ठमी आतल्या पाण्याच्या आवाजाकडे झेपावत होती, आवाज काढत होती, धाकटीच्या खांद्यावर मुठी मारत होती.

दादा अंग पुसून, शर्ट घालून बाहेर आले आणि चार पावलं अलीकडेच थांबले. पुढे आले नाहीत. हात पुढे केले, ते सुद्धा पोरीला घ्यायला म्हणून नव्हे, तर दाखवायला म्हणून, शाळेत नखं दाखवतात तसे. सगळ्यांचे डोळे धाकटीकडे होते. ते तिच्यावर आहेत हे तिला कळत होतं, आणि आत्ता पोर दिली तर सगळं घर सुटकेचा श्वास सोडेल, हेही कळत होतं. तिने पुढे होऊन दादांचा उजवा हात धरला, दिव्याखाली नेला आणि तिरका करून बघितला. अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्यात, कातडीच्या घडीत एक बारीक रेघ होती. ती राखाडी नव्हती, मेणासारखी नव्हती. ती पांढरी होती.

"अजून एकदा," ती म्हणाली.

कुणी रागावलं नाही. सासूबाईंनी नवा साबण पुढे केला. सासऱ्यांनी दादांचा हात आपल्या हातात घेतला, आणि न्हाणीघरात पुन्हा पाणी वाहायला लागलं.